मावशींची सही

देशाने निरक्षरता हटवायचा निश्चय जितक्या वेळा केला, तितक्या वेळा आमच्या मावशी पाटी घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. इतक्या चिकाटीने सरकारला साथ देणारं दुसरं माणूस मुळशी तालुक्यात तरी झालं नाही. योजनांची नावं बदलली, बोधचिन्हं बदलली, पाटीच्या जागी मोबाइल आला, मावशी आपल्या जागी होत्या. त्या साक्षर नेमक्या कधी झाल्या याबद्दल मात्र कागदपत्रांत आणि वस्तुस्थितीत तीसेक वर्षांचा फरक आहे. तो फरक माझ्या हातचा आहे. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर. सरकारी नोकरीत असताना मी बऱ्याच नोंदी केल्या. त्यांतली एक तरी दुरुस्त करून जावी म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मावशी म्हणजे भरे गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बाई. मी त्या शाळेचा हेडमास्तर होतो आणि त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठा. पण खिचडी शिजवणाऱ्या बाईला सगळ्या शाळेने मावशी म्हणायचं असा रिवाज असल्यामुळे मीही त्यांचा भाचा झालो, आणि त्यांनी मला भाच्यासारखंच वागवलं. वर्गातून माझा आवाज चढला की त्या पळी घेऊन दारात येऊन उभ्या राहायच्या. तपासणीला आलेल्या साहेबांपुढे मी जरा जास्तच वाकलो, तर ते गेल्यावर पाठीला तेल लावायचा सल्ला द्यायच्या. पिरंगुटच्या बसथांब्यावर पाट्या वाचणारी शिकलेली माणसं चुकीच्या बसमध्ये चढलेली मी पाहिली आहेत, मावशी कधी चुकल्या नाहीत. त्या पाटीकडे बघतच नसत, आत बसलेल्या माणसांकडे बघत. डब्याच्या पिशव्या मांडीवर दिसल्या की ती कंपन्यांकडे जाणारी, भाजीच्या रिकाम्या टोपल्या दिसल्या की पौडकडे परतणारी, आणि सगळेच मान खाली घालून मोबाइलमध्ये बघत असले की ती शहराकडची. एकदा मी पाटी नीट वाचून पौडच्या बसमध्ये चढलो, तर त्यांनी खालून हाक मारली, "गुरुजी, उतरा. त्या गाडीत एक बी टोपीवालं न्हाई." मी अर्थातच उतरलो नाही. पाटी बदलायला विसरलेल्या त्या कंडक्टरने मला थेट पुण्यात नेऊन सोडलं.

कागदांच्या बाबतीत त्यांचं शास्त्र याहून पुढे गेलेलं होतं. घरात पत्र्याची एक ट्रंक होती आणि तिच्यात प्रत्येक कागदाच्या घडीत त्या कागदाची खूण ठेवलेली असायची. रेशनकार्डात गव्हाचे चार दाणे, विजेच्या बिलात काडेपेटीची जळकी काडी, दवाखान्याच्या कागदात गोळ्यांचं रिकामं पाकीट. सुनेच्या बाळंतपणाच्या कागदात लंगोटाची नाडी होती. साक्षरतेच्या प्रमाणपत्रात खडूचा तुकडा. आणि अगदी तळाशी, स्टॅम्पपेपरच्या एका घडीत, भाताची वाळकी लोंबी. आमच्या शाळेचं दप्तर मी वर्षानुवर्षं लाल फितीत बांधून ठेवलं, पण साहेबांनी कागद मागितला की तो मला अर्ध्या तासाने सापडायचा आणि तोही दुसऱ्याच वर्षाचा. मावशी अंधारातही ट्रंकेत हात घालून हवा तो कागद काढीत.

नवा आलेला कोणताही कागद त्या दोन माणसांकडून वाचून घेत. पहिल्या आणि दुसऱ्या वाचणाऱ्याची आपसांत बोलाचाली असता कामा नये, हा नियम. त्यासाठी गावात कुणाचं कुणाशी बिनसलं आहे याची माहिती त्या ताजी ठेवत, आणि दोन वैऱ्यांत समेट झाला की त्यांना मनापासून वाईट वाटे, कारण एक जोडी कमी व्हायची. बहुतेक वेळा पहिला वाचणारा मी असे. माझ्या वाचण्यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. "तुमचं वाचणं लई गुळगुळीत हाय," त्या म्हणत. "गुळगुळीत वाचणारा मधलं गाळतो." मी खरोखरच मधलं गाळायचो. ही सवय त्यांना का लागली हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कधी वाद घातला नाही.

तीसेक वर्षांपूर्वी, खिचडी सुरू व्हायच्याही आधी, साक्षरता अभियान आमच्या भागात आलं. प्रभातफेऱ्या निघाल्या, भिंती घोषणांनी रंगल्या. ज्यांना त्या घोषणा वाचता येत होत्या त्यांना त्यांची गरज नव्हती आणि ज्यांच्यासाठी त्या लिहिल्या होत्या ते भिंतीला गोवऱ्या थापत होते. ठरलेल्या तारखेच्या आत गाव संपूर्ण साक्षर करायचं होतं, म्हणजे तसं कळवायचं होतं. मी दुपारच्या वेळी वस्तीतल्या विहारात बायकांचा वर्ग घेत असे. मावशी तेव्हा तिशीत होत्या. माहेर आणि सासर दोन्ही भऱ्यातच, दोहोंच्या मध्ये दोन गल्ल्या, त्यामुळे त्यांना दोन्हीकडची कामं असत. भातलावणीचा चिखल पायावर वाळलेला तसाच घेऊन त्या वर्गाला येत आणि पाटी मांडीवर ठेवत नसत, दोन्ही हातांनी धरत.

एका दुपारी सही शिकवायची होती. मी एकेकीच्या पाटीवर आधी 'सही' हा शब्द लिहीत होतो आणि त्याच्यापुढे तिचं नाव. मावशींच्या पाटीवर 'सही' लिहिलं आणि तेवढ्यात बाहेरून निरोप आला की तालुक्याला तातडीची बैठक आहे. हे गिरवत राहा असं सांगून मी निघालो. बैठक दोन दिवस चालली. विषय होता, साक्षरतेचा वेग कसा वाढवावा.

परत आलो तेव्हा मावशींनी वेग वाढवलेला होता. चुलीच्या राखेत, तांदळाच्या पिठात, अंगणातल्या ओल्या शेणावर त्यांनी ती दोन अक्षरं इतकी गिरवली होती की त्यांना नथीसारखं वळण आलं होतं. पाटी माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, हे बघा माझं नाव. मी बघितलं. ते 'सही' होतं. मूल्यमापन चार दिवसांवर आलं होतं आणि यादीत अजून बऱ्याच जणी अंगठ्यावरच होत्या. मावशींचं नाव चार अक्षरी, त्यात एक जोडाक्षर. मी मनात दिवस मोजले आणि म्हणालो, "छान."

एवढाच शब्द. मूल्यमापनाच्या दिवशी मावशींच्या उत्तरपत्रिकेतलं वाचन, लेखन आणि गणित मी माझ्या हाताने, अक्षर जरा डावीकडे कलतं ठेवून, सोडवलं. खाली सही त्यांनी केली. गाव संपूर्ण साक्षर झालं, मला तालुक्याला नारळ आणि शाल मिळाली आणि मावशींना प्रमाणपत्र.

त्यानंतर मावशींनी 'सही' अशी सही किती ठिकाणी केली याला गणती नाही. ग्रामसभेच्या रजिस्टरवर, खिचडीच्या नोंदवहीत, मुलाच्या दाखल्यावर, सगळीकडे. एकालाही शंका आली नाही. सहीच्या जागी काहीतरी आहे एवढंच लोक बघतात, सही कुणी वाचत नाही. उलट मावशींच्याच लक्षात एक गोष्ट आली, ती म्हणजे प्रत्येक सरकारी कागदावर त्यांचं नाव आधीपासून छापलेलं असतं. त्यांना याचं नवल वाटलं नाही, अभियान संपल्यावर सरकारने आपली नोंद घेतली असणार असं त्यांनी धरलं. पंचायतीच्या फळ्यावर लागलेल्या नोटिशीखाली तर साहेबाच्या नावावर नेहमीच 'सही/-' असतं. एकदा पाणी दोन दिवस बंद राहील अशी नोटीस लागली. मावशी तिच्यापुढे उभ्या राहिल्या, खालच्या टोकावर बोट ठेवलं आणि मला म्हणाल्या, "बगा. पाणी हेंनी तोडायचं आन् नाव माजं लावायचं." मी हसलो. त्यांना वाटलं, विनोदाला हसलो.

इथपर्यंत गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. अभियानानंतर चार-पाच वर्षांनी मावशींचे वडील वारले. ओढ्याकाठचं भातखाचर भाऊ आणि बहीण दोघांच्या नावावर लागायचं होतं. भाऊ मावशींना तालुक्याला घेऊन गेला. कागद वारसाचा आहे, म्हणाला. होता हक्कसोडाचा. कचेरीतल्या माणसाने रीतीप्रमाणे विचारलं, बाई, लिहितावाचता येतं का. येत नसतं तर अंगठा घेण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवावा लागला असता. मावशींनी पदराखालून प्रमाणपत्र काढलं. ते बघून त्याने कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि बोट कुठे सही करायची तिकडे दाखवलं. तिथे त्यांचं नाव आधीच छापलेलं होतं, त्यांनी त्याच्यावर पुन्हा एकदा काढलं. पुढे भावाने खाचर विकून जांब्याला आयटीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या, तेव्हा मावशींना कळलं की आपण काय दिलं. विकलेल्या खाचरातून त्यांनी एक लोंबी आणली आणि त्या कागदात ठेवली.

मला हे कळलं तेव्हा मी त्यांच्यापुढे जायला घाबरलो. मी घाबरायचं कारणच नव्हतं. मावशींनी भावाला दोष दिला, कचेरीला थोडा दिला, आणि बाकी सगळा स्वतःकडे घेतला. प्रमाणपत्र खोटं असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. साहेबाचा शिक्का होता, माझी सही होती. "गुरुजींनी शिकिवलं हुतं," त्या मलाच सांगत. "माजंच डोस्कं गळकं. आलेलं समदं सांडलं." म्हणून त्या पुढच्या प्रत्येक वर्गाला जाऊन बसत. विसरलेलं आठवतंय का, ते बघायला. वर्ग महिना-दोन महिने चालायचे, मग योजना बदलायची आणि मावशी पाटी पुसून पुढच्या योजनेची वाट बघायच्या. आणि मी, निवृत्त होऊन पिरंगुटला राहायला आल्यावरसुद्धा, त्यांचे कागद गुळगुळीत वाचून देत राहिलो. पंचवीस वर्षांत मला खरं बोलायला एकही दुपार मिळाली नाही असं मी म्हणणार नाही. दुपारी पुष्कळ होत्या.

अलीकडे प्रौढांना शिकवायची नवी राष्ट्रीय योजना आली. आता शाळेत बाई मुख्याध्यापक आहेत, कामसू आहेत. त्यांनी घरोघर फिरून मोबाइलवर असाक्षरांची नोंद केली आणि मावशींच्या दारी अडल्या, कारण मावशींनी अभिमानाने प्रमाणपत्र दाखवलं. बाई म्हणाल्या, प्रमाणपत्र असलेल्या बाईंना असाक्षर दाखवलं तर उद्या वर काय उत्तर देऊ. मावशींनी तोड काढली. नाव नको, नुसतं बसू द्या. चाचणीचं मागून बघू.

यंदा मात्र वर्ग बंद पडला नाही. बाई चिवट निघाल्या. आठ-नऊ महिने मावशी खिचडीचं भांडं घासून झालं की भिजलेल्या हातांनी वर्गात बसत होत्या. माझ्याकडे येणं कमी झालं. मला वाटलं तब्येत बरी नसेल.

मग एका दुपारी त्या माझ्या ओट्यावर आल्या, हातात स्टॅम्पपेपर. लोंबी काढून त्यांनी हळूच बाजूला ठेवली. मी सवयीने चष्मा शोधू लागलो तर म्हणाल्या, तुम्ही नुसतं ऐका. आणि वाचायला लागल्या. बोट अक्षराखाली, ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. 'हक्कसोड'मधल्या क्कवर त्या इतका वेळ थांबल्या की मी सांगायला तोंड उघडलं, त्यांनी हाताने गप्प केलं. मधलं काही गाळलं नाही. 'सदरचा कागद मी वाचून, समजून, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला' हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि 'अक्कलहुशारीने'ला जरा हसल्या. तासभर लागला असेल. शेवटी बोट खालच्या कोपऱ्यात पोचलं. छापलेला शब्द होता आणि त्याच्या डोक्यावर नथीच्या वळणाचा तोच शब्द.

"स. ही. सही," त्यांनी वाचलं. मग वरचा. "सही." बोट एकदा खाली, एकदा वर असं बराच वेळ फिरलं. "ही छापलेली. ही माजी. आन् माजं नाव कुटं हाय, गुरुजी?"

मी सांगितलं. पाटी, बैठक, चार दिवस, 'छान', डावीकडे कललेलं अक्षर, सगळं. सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, लोंबीकडे बघत होतो.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हंजी मी इसरले न्हवते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भावानं मागितलं असतं तर दिलं बी असतं मी. पर मागायची येळ तुमी त्याच्यावर येऊच दिली न्हाई." कागदाची घडी केली, लोंबी आत ठेवली आणि गेल्या. दिलेला चहा तसाच राहिला होता.

आठवडाभर मी ओट्यावर बसलो नाही. मग त्या आल्या, शाळेचं शाईचं पॅड घेऊन. चाचणी जवळ आली होती आणि मुख्याध्यापक बाई म्हणत होत्या की जुनी नोंद चुकीची असल्याचं गुरुजींनी लिहून दिलं तरच यादीत नाव घालता येईल. नाहीतर मावशी कागदोपत्री साक्षरच राहणार, आणि चाचणी साक्षरांसाठी नसते. मी लगेच लिहायला बसलो. छत्तीस वर्षं अहवाल लिहिलेला माणूस मी, मजकूर झरझर आला. खाली सही करणार तोच त्यांनी कागद ओढून घेतला.

"सही नगं. तुमच्या सहीवर माजा इस्वास न्हाई. अंगठा द्या."

मी म्हणालो, मावशी, मी शिकलेला माणूस, माझा अंगठा कोण घेईल.

"मी घेती की. आन् ज्याचा अंगठा त्येला कागद वाचून दावायचा, कायदाच हाय तसा."

त्या वाचू लागल्या. मी निवृत्त मुख्याध्यापक अमुक अमुक, असं लिहून देतो की. त्यांचं पूर्ण नाव आलं तिथे त्या थांबल्या, बोट चारही अक्षरांवरून एकदा फिरवलं, पुढे गेल्या. मी लिहिलं होतं की अभियानाच्या वेळी सदर महिलेची साक्षर म्हणून नोंद माझ्याकडून नजरचुकीने झाली.

"न. ज. र. चु. की. नं," मावशी म्हणाल्या. मान वर केली. "नजरचुकीनं व्हय, गुरुजी?"

मी कागद परत घेतला. तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'माहीत असूनही'. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, 'असूनही'पर्यंत आल्या, मान हलवली आणि शेवटपर्यंत गेल्या. मग माझा डावा अंगठा धरून पॅडवर दाबला आणि कागदावर ठेवून, लहान मुलाचा धरतात तसा, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे फिरवला. ठसा चांगला उठला. "छान," त्या म्हणाल्या. त्यांनी तो शब्द मुद्दाम वापरला की सहज, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

चाचणीच्या दिवशीचं मुख्याध्यापक बाईंनी सांगितलं. पेपर सोडवून झाल्यावर मावशी खालच्या चौकटीपाशी पोचल्या, तिथे छापलेल्या 'सही'कडे बघून बाईंना म्हणाल्या, ही बया अजून हितंच हाय का. आणि तिच्या शेजारी, तिला धक्का न लावता, चार अक्षरं लिहिली. जोडाक्षर जरा मोठं आलं आणि चौकटीबाहेर गेलं. त्या पास झाल्या. नवं प्रमाणपत्र दाखवायला ओट्यावर आल्या होत्या. मी घडी उघडून खूण शोधली. काही नव्हतं. आता काय करायची खूण, म्हणाल्या.

त्यानंतर आल्या नाहीत. रागाने नाही. थांब्यावर भेटल्या की विचारपूस होते. मुलगा बरा आहे, गुडघे दुखतात. आता बसमध्ये चढण्याआधी त्या पाटी मोठ्याने वाचतात आणि तरीही आत कोण बसलंय ते बघतातच. येत नाहीत कारण कागद वाचून घ्यायची गरज उरली नाही. शिकवणाऱ्याला याहून मोठं यश नसतं असं मी निरोपाच्या भाषणांत कितीदा म्हटलं असेल. दुपारी मी चष्मा पुसून ओट्यावर बसतो, समोरच्या खुर्चीवर मांजर झोपलेलं असतं.

हे लिहिलेलं उद्या त्यांच्याकडे धाडतो आहे. वाचायला त्यांना चार-पाच दुपारी लागतील, आणि मधलं काही गाळायच्या नाहीत. कुठे एखादा शब्द पुन्हा नजरचुकीचा पडला असेल तर त्यावर बोट ठेवून त्या विचारतील, आणि त्यासाठी का होईना, ओट्यावर येतील. तोवर खाली नाव घालत नाही. पॅड त्यांच्याकडेच आहे.